डावीकडची जागा

वसमत, कार्तिक शुद्ध दशमी, सन १९४८

प्रिय हलीमा,

निकाह करून तू तमाशाचा फड सोडलास, आखाडा बाळापूरला नांदायला गेलीस, त्याला बारा वर्षं झाली. बाजाराला आलीस की माझ्याकडं चहाला यायचीस, म्हणून पत्राची वेळच आली न्हाई. भादव्यात फौज आली, निजामाचं राज बुडालं, लोकांनी गरीब मुसलमानांवर सूड उगवला, तेव्हापासून मात्र तुझं तोंड दिसलं न्हाई. काहून, ते मला कळतं.

आपला फड मोडल्यावर मी गावाच्या मालकीच्या, कापसाच्या रिकाम्या वखारीत पोरींना नाच शिकवायला लागले. लोक म्हणाले, शंभर उंदीर खाऊन मांजर निघाली काशीला. म्हणू दे! आज माझ्या नऊ पोरी हायेत. हळद निंदायचा, कापूस वेचायचा, असे नवेच नाच मी बसवले. नखरा न्हाई, डोळे मोडणं न्हाई. दिवसभर वाकलेली बाई सांजेला पाठ सरळ करते, तेवढं बघायला सगळं गाव जमतं.

पण परवा ढोलकीवाला संतराम वाजवता वाजवता थांबला अन् म्हणाला, बाई, ह्या समद्या पोरी डावीकडं हातभर जागा काहून सोडून राहिल्या? मी खेकसले त्याच्यावर. मग बघितलं तर खरंच की! गिरकी घेताना नऊच्या नऊ उजवीकडं सरकतात, डावा हात आखडून घेतात. एकीला विचारलं, तर म्हणाली, तुमीच तसं नाचता. अगं, जोडनाचात तू माझ्या डावीकडं असायचीस. तुला धक्का लागू नये म्हणून मी सरकायची. तू गेलीस, माझं सरकणं राहिलं, अन् ते मी न कळता पोरींच्या पायांत घातलं. लई रडले बघ.

मार्गशीर्षी पुनवेला चावडीपुढं आमचा नाच हाय. तुला बोलवणार, हे मी गावभर सांगून बसले होते. पंचांचा निरोप आला, नाच करा, पण त्या बाळापूरच्या बाईला बोलवू नका, दिवस बरे न्हाईत. मी म्हटलं, मग नाचबी न्हाई. म्हणाले, वखार काढून घेऊ. मी किल्ली त्यांच्यापुढं ठेवली अन् सांगितलं, झाडाखाली शिकवीन. किल्ली अजून कुणी उचलली न्हाई, तवा नाच ठरल्यापरमाणं होणार.

म्हणून हे पत्र. भीती वाटत असंल तर वाटू दे, मलाबी वाटते. पुनवेला सकाळी संतराम बायकोला घेऊन बैलगाडीनं तुझ्या दारात येईल. तू सोडून गेलेला घुंगरांचा चाळ त्याच्याकडं दिलाय. दर दसऱ्याला घासत आले मी तो. गुडघे दुखत असतील तर नाचू नको, नुसती येऊन उभी राहा. पोरींची ती चूक मी सुधारली न्हाई, सुधारणारबी न्हाई. तू न्हाईच आलीस, तर जागा मोकळी ठेवून नाचतील, अन् कुणाची म्हणून विचारलं, तर चावडीपुढं तुझं नाव घेतील.

तुझीच,
उजवीकडची निर्मला