धुऱ्याखालचे धन

आसेगाव,
मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, शके १८६२

वडीलबंधू दौलतराव दादांचे चरणी धाकट्या उकंडरावाचा दंडवत. इकडे सगळे खुशाल. वहिनींचा गुडघा कसा आहे? (तीन वर्षांत विचारले नाही, याची लाज वाटते.) आपल्या दोघांच्या वावरांमधल्या धुऱ्यावरचा हद्दीचा दगड तुम्ही माझ्या वावरात सरकवला असे मी पंचांपुढे बोललो, तेव्हापासून आपले बोलणे बंद. तरी लिहितो, कारण माझ्या हातून भलताच मूर्खपणा झाला आहे.

गेल्या आठवड्यात कापूस घेऊन कारंज्याला गेलो होतो. तिथे तंबूत सिनेमा आला होता. माणसे खरी नव्हती, नुसती चितारलेली, तरी पळत होती, भांडत होती. सगळे समुद्री लुटारू. (समुद्र मी पहिल्यांदाच पाहिला, तोही चितारलेला.) नकाशावरच्या फुलीखाली खणून त्यांनी पेटीभर मोहरा काढल्या. बैलबंडीत बसून परतताना मला एकदम आठवले, आपल्या दगडावरही मोजणीवाल्यांची फुली आहे, आणि पंचांपुढे तुम्ही 'खाली खणून पाहा' म्हणाला होता. (मी तेव्हा रागाने उठून गेलो होतो.) तुमच्यासारखा शहाणा माणूस नुसत्या दगडासाठी एवढा भांडेल कशाला, असे मला वाटले.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी दगड लोटला आणि कमरेइतके खणले. निघाले कोळसे. नशिबात नसले की धनाचे कोळसे होतात, हे लहानपणापासून ऐकलेले. धन तुमच्या नावचे, म्हणून माझ्या हाती काळे झाले, अशी माझी खात्री पटली. तरी पागोट्यात बांधून घरी आणले, देवापुढे ठेवून हळदकुंकू वाहिले आणि मोहरा होण्याची वाट पाहत बसलो. चतुराबाईने, म्हणजे तुमच्या धाकट्या भावजयीने, ते पाहून कपाळाला हात लावला. "अवं, कोयसे कायले पुजून राह्यले? मोजणीच्या वक्ती मामंजीनंच पुरले होते ते दगडाखाली. दगड कोनी सरकवला तं खालचे कोयसे खरी जागा सांगतात. तीन सालापासून सांगून राह्यली मी, तुमी आयकता काय?"

खड्डा बुजवला, पण दगडाची नेमकी जागा आता सापडत नाही. तुम्ही येऊन दाखवावी, एवढीच विनंती.

आपला अज्ञ बंधू,
उकंडराव

ता. क. : हुरडा आला आहे. वहिनींनाही आणावे.

दुसरा ता. क. : जागा सापडत नाही हे खोटे लिहिले. कोळसे दगडाच्या बरोबर खालीच निघाले, बोटभरही इकडेतिकडे नव्हते. ते परत पुरून दगड होता तिथेच लावला आहे. शनिवारी पंच पारावर बसतील, तेव्हा हे सगळ्यांपुढे सांगायचे ठरवले आहे. पण एकट्याने तोंड उघडवणार नाही. दादा, तुम्ही माझ्या शेजारी उभे राहाल का?