हिरवा हातोडा आणि माझा मित्र

१२ ऑक्टोबर, रविवार
अखेर न्याय झाला. अकरा वर्षं या घराचा जावई आहे. दर नोव्हेंबरात हरणाच्या शिकारीला सगळे रानातल्या केबिनवर जातो आणि माझं काम ठरलेलं: कॉफी करणं आणि दुसऱ्यांनी मारलेलं हरिण ओढत आणणं. आज सासरेबुवांनी, म्हणजे ऑर्व्हिल स्टेन्सरुड यांनी, काडतुसं भरायचा आपला जुना प्रेस मला दिला. त्यांचे हात आता थरथरतात. म्हणाले, यंदा सगळ्यांची काडतुसं तू भर.
खोक्यात प्रेस, तराजू, डब्या. तळाशी एक हिरवा प्लास्टिकचा हातोडा, डोकं पोकळ. खिळाही ठोकला जात नाही. म्हातारी माणसं काय काय जपून ठेवतात! बायकोला, लोर्नाला देऊन टाकला. अक्रोड बरे फुटतात म्हणाली.
संकल्प: काडतुसं भरताना पूर्ण एकाग्रता. टीव्ही बंद.

१९ ऑक्टोबर, रविवार
साठ काडतुसं भरली. टीव्ही चालू होता, पण आवाज बंद होता. मॅच आपण जिंकलो.
साठ काडतुसांपुरती बंदुकीची दारू मोजून घेतली होती. संपल्यावर डबीत एका काडतुसाची दारू शिल्लक. म्हणजे माझा हात काटकसरीचा.

२० ऑक्टोबर
कंपनीच दारू थोडी जास्त देत असेल. (मोजली मीच होती. तरीही.)
झोप नीट नाही. कालचे सॉसेज.

२१ ऑक्टोबर
एक काडतूस कानाशी धरून हलवलं. वाजलं. दुसरं हलवलं. तेही वाजलं. विसाव्यापर्यंत आलो तेव्हा माझं डोकंच वाजत होतं. दारूच्या तराजूला अख्खं काडतूस झेपत नाही, म्हणून लोर्नाच्या केकच्या वजनकाट्यावर वजन केलं. साठही सारखी दिसली; एवढा बारीक फरक त्या काट्याला कळत नाही. तिने विचारलं, काट्याला तेलकट वास कसला? केकचा असेल म्हणालो. केक सहा महिन्यांत झालेला नाही.
मुद्दा असा: दारू नसलेलं काडतूस उडवलं तर गोळी नळीतच अडकते. मागून दुसरी झाडली की नळी फुटते, उडवणाऱ्याच्या तोंडावर.
हे सर्व केवळ माहितीसाठी लिहून ठेवतोय.

२२ ऑक्टोबर
बुलेट पुलर घ्यायचं ठरवलं. भरलेल्या काडतुसातून गोळी परत काढायचं साधन. चूक झाली म्हणून नव्हे. जबाबदार माणसाकडे असावं.
दोन प्रकार. एक हातोड्यासारखा: काडतूस डोक्यात बसवायचं आणि दाणदाण आपटायचं. रानटी काम. दुसरा प्रेसवर बसतो, गोळी अलगद ओढून काढतो. सभ्य माणसाचा. सात रकान्यांचा तक्ता सुरू केला. वाचत असताना स्वयंपाकघरात लोर्नाची अक्रोडांवर ठकठक. एकाग्रता गेली.

२५ ऑक्टोबर, शनिवार
गावातल्या शिकारीच्या सामानाच्या दुकानात, व्हेल्माकडे गेलो. सांगितलं, मित्रासाठी चौकशी करतोय. तिने विचारलं, मित्राने किती बिघडवली? साठातलं फक्त एक, म्हणालो, पण कुठलं ते त्याला ठाऊक नाही. ती इतकी हसली की तिला काउंटर धरावं लागलं. मग एकदम गंभीर होऊन म्हणाली, त्याला सांग, त्यातलं एकही उडवायचं नाही. सगळी खोल. आणि भिंतीवरच्या हातोड्यांकडे बोट केलं. माझा मित्र नाजूक कामाचा माणूस आहे, असं सांगून मान न वळवता निघालो.

३ नोव्हेंबर
दोनशे बारा लोकांची मतं वाचली. तक्ता अकरा रकान्यांचा झाला. सर्वांत उत्तम पुलर मागवला. घाईने निर्णय घेणारे ते वेगळे.

८ नोव्हेंबर
लोर्ना अर्धा तास चष्मा शोधत होती. चष्मा डोक्यावर! काखेत कळसा आणि गावाला वळसा. हसून माझी पुरेवाट झाली. तिला हे सुनावायची संधी पुन्हा कधी मिळणार?

१२ नोव्हेंबर
पुलर आला. काय काम आहे! प्रेसवर बसवला. फक्त गोळी धरणारी पकड त्यात नाही. ती आपल्या गोळीच्या मापाची वेगळी मागवायची असते. वेष्टनावर लिहिलंय, पण बारीक अक्षरांत. पकड मागवली. येणार २४ तारखेला. शिकार सुरू होते २२ला.
तक्त्यात हा रकाना नव्हता.

१५ नोव्हेंबर
पेट्रोल पंपावर आणि चर्चमध्ये मिळून चौघांनी विचारलं, तुझा मित्र कसा आहे? व्हेल्माच्या तोंडात तीळ भिजत नाही.

१८ नोव्हेंबर
एक विचार आला. साठात एक. कदाचित ते काडतूस उडवलंही जाणार नाही. गप्प राहावं.
मग ऑर्व्हिल आठवले. नेम धरताना ते गाल रायफलला टेकवतात आणि एक डोळा मिटतात. नाही जमत. भीती वाटते, आणि लाज त्याहून जास्त. अकरा वर्षांनी त्या माणसाने एक काम विश्वासाने दिलं.
फोन करून सांगून टाकायचं ठरवलं. केला. हवामानावर वीस मिनिटं बोललो.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
ऑर्व्हिल जेवायला आले. उद्या पहाटे निघायचं. तोंड उघडणार, इतक्यात ते स्वयंपाकघरात गेले. लोर्ना ॲपल पायसाठी अक्रोड फोडत होती. त्यांनी तिच्या हातातून हिरवा हातोडा घेतला, टोकाचं झाकण, ज्याच्या भोकात काडतूस बसतं ते, फिरवून काढलं, आणि आतून टरफलं ओतली. मग माझ्याकडे बघितलं.
मी म्हणालो, माझा एक मित्र आहे.
ते म्हणाले, जावईबापू, त्यालाही बोलाव. साठ आहेत, हात लागतील.
लोर्नाने चष्मा काढला, सावकाश डोक्यावर चढवला आणि माझ्याकडे बघत राहिली.
गॅरेजच्या पायरीवर बसलो. ते आपटत होते, मी गोळ्या वेचत होतो. आपटायला थरथरता हात चालतो. त्रेचाळिसावं रिकामं निघालं. मला वाटलं, सुटलो. ते म्हणाले, एक सापडलं म्हणजे एकच होतं असं नाही, आणि उरलेली सतराही काढायला लावली. ती ठीक होती. पहिल्या वर्षी त्यांनी स्वतः एकशेवीस काढली होती, म्हणाले. म्हणजे त्या मानाने मी दुप्पट बरा.
मग आपल्या पिकअपमधून विकतच्या काडतुसांची तीन खोकी घेऊन आले. एकात पावती होती. व्हेल्माचं दुकान, १३ ऑक्टोबर.
प्रेस मला दिल्याचा दुसरा दिवस. सावध माणूस आहे. यात माझा काही संबंध नसावा.

२२ नोव्हेंबर, शनिवार
कॉफी केली. ऑर्व्हिलनी आठ टोकांच्या शिंगांचा नर मारला. ओढत आणला. जड होता.

२४ नोव्हेंबर
पकड आली. माप चुकीचं.
लोर्ना आता अक्रोड बिडाच्या तव्याच्या बुडाने फोडते. हातोडा तिने माझ्या प्रेसच्या टेबलावर, भिंतीतल्या खिळ्याला टांगलाय. मी म्हटलं, घे की, तुझाच आहे. तर म्हणाली, बाबांनी सांगितलंय, तिथेच असू दे, त्याला लागेल.