हशासाठी सोडलेली जागा

३ जानेवारी

भाषण कापून झालं. अखेर!

आठवडाभराच्या हुज्जतीनंतर आज आमच्या चिरंजीवांनी शस्त्रं खाली ठेवली. चिरंजीव म्हणजे दिग्दर्शक. दाढी ऋषींची, संयम तान्ह्या बाळाचा. चित्रपट एका जहाल संघटनेवरचा आहे: एक नेता, सहा अनुयायी आणि एक भाड्याचं गोदाम. काळा विनोद. शेवटी ही मंडळी जग पेटवायला निघतात आणि स्वतःचंच गोदाम पेटवून घेतात, आतल्या माणसांसकट. मध्यावर नेत्याचं मोठं भाषण. फळांच्या खोक्यावर उभा राहून बोलतो. पट्टा तुटलेला, म्हणून एका हाताने पँट धरून. चिरंजीवांना दर दोन वाक्यांनी तो हात दाखवायचा होता. आणि "त्यांना हाकलल्याशिवाय आता माघार नाही!" अशी गर्जना झाली की मागून एक अनुयायी विचारतो, "पण दादा, ते म्हणजे नक्की कोण?" नेता म्हणतो, "ते पुढच्या बैठकीत ठरवू."

मी हात काढला. प्रश्न काढला. उत्तर काढलं. उरला फक्त चेहरा — सलग, अखंड, निर्दोष.

"मॅडम, अहो, तोच तर जोक आहे!"

"म्हणूनच. विनोद बोटाने दाखवायचा नसतो. प्रेक्षक बालवाडीत नाही."

"माझा प्रेक्षक म्हणजे माझी मावशी आहे, मॅडम. तिला बोट धरूनच न्यावं लागतं."

मावशीसाठी मी संकलन करत नाही.

६ जानेवारी

घरी आले. कपाटातून दोन ताटं काढली. एक परत ठेवलं.

१० जानेवारी

विनोदी दृश्य कापताना हशासाठी जागा सोडावी लागते. प्रेक्षक हसत असताना पुढचं वाक्य आलं तर ते वाया जातं. जागा जास्त सोडली तर नट खुळ्यासारखे एकमेकांकडे बघत राहतात. किती सोडायची हे कुठल्याही पुस्तकात नाही. तरुण संकलक मला विचारतात, मी "अनुभव" असं उत्तर देते. ते अर्धसत्य आहे.

माझं माप म्हणजे धाकट्या भावाचं हसू. लहानपणी आम्ही दोघं सिनेमाला जायचो; तो पडद्याआधी हसायचा. आधी नाकातून एक फुस्कारा, मग श्वास आत, आणि मग सगळी रांग हलेल असा स्फोट. कुठलंही विनोदी दृश्य कापताना मी त्याला शेजारच्या खुर्चीत बसवते. मनातल्या मनात. तो शांत झाला की पुढचा कट.

या वेळी भाषणावर काम करताना त्याला बसवून पाहिलं. फुस्कारा आठवला. पुढचं नाही आलं.

जागा सोडायचीच नाही हा निर्णय मी कलात्मक कारणांसाठी घेतला. त्याचा याच्याशी संबंध नाही.

११ जानेवारी

कालचं पान वाचलं. शेवटचं वाक्य सैल आहे. राहू दे.

धाकटा तीन वर्षांपूर्वी अशाच एका जहाल संघटनेत गेला. संघटनेचा राखाडी शर्ट घालून मला दाखवायला आला होता. दारात ताठ उभा, हनुवटी वर, आणि कॉलरला दुकानातली टाचणी तशीच! मला हसू आलं. टाचणी दाखवायला बोट केलं, तर बोलताच येईना, इतकं हसू.

"हस," तो म्हणाला. "तुम्ही सगळे हसाच."

तुम्ही सगळे! त्या खोलीत मी एकटी होते.

१९ जानेवारी

निवडक प्रेक्षकांसमोर पहिला खेळ. खोक्यावरच्या भाषणाला संपूर्ण शांतता. कुणी खोकलं नाही, कुणी मोबाइल काढला नाही. इतक्या वर्षांत अशी शांतता मला मिळालेली नाही.

चिरंजीव अंधारात माझ्या कानाशी: "मॅडम, हसत नाहीयेत."

"ऐकतायत."

"पण मॅडम, हसायला हवं ना?"

बाहेर पडताना एका गृहस्थांनी निर्मात्याला थांबवून विचारलं, "हे साहेब कुठून उभे आहेत?" आम्ही खूप हसलो. म्हणजे निर्माता आणि मी. चिरंजीव भिंतीकडे बघत होते.

२५ जानेवारी

निर्मात्याने भाषणाचा तुकडा जाहिरात म्हणून बाहेर सोडला. चित्रपटाचं नाव शेवटी, तेही बारीक अक्षरात. "उत्सुकता वाढते," म्हणे. मी म्हटलं, अक्षरांचा आकार हा माझा विषय नाही.

२ फेब्रुवारी

शेवटची नावं कुणीतरी उडवली आहेत. चित्रपटाचं, नटाचं, सगळ्यांचीच. उरला आहे तो चेहरा, आणि तो सगळीकडे आहे. आज कोपऱ्यावर एका गाडीच्या भोंग्यातून ऐकला: "तुम्ही घरात शिरता तेव्हा मान वर करून कोण बघतं? तुम्ही मनातलं बोलता तेव्हा कोण हसतं?" लोक थांबून ऐकत होते. माझ्या हातात भाजीची पिशवी. मीही थांबले. लय अप्रतिम आहे. दुसऱ्या प्रश्नाआधीचा श्वास मीच लांबवला होता.

रात्रीपर्यंत लाज का वाटली नाही, याचा विचार करते आहे.

४ फेब्रुवारी

नटाचा फोन. रंगभूमीवर हयात घालवलेला माणूस, आवाज कापत होता.

"ताईसाहेब, किराणावाल्याने पैसे घेतले नाहीत. म्हणतो, साहेब, तुमच्याकडून कसले पैसे!"

"मग सांगायचं ना, नट आहे म्हणून."

"सांगितलं हो. तर डोळा मारून म्हणतो, समजलं साहेब, सध्या असंच सांगायचं."

मी हसले नाही. तोही नाही.

७ फेब्रुवारी

धाकट्याचा संदेश! सकाळी चहा गाळत होते. फोनच्या पडद्यावर नाव पाहिलं आणि चहा कपाऐवजी ओट्यावर ओतला गेला.

उघडला. तोच तुकडा. खाली लिहिलंय: "ताई, हे ऐक. फक्त हसू नकोस. हा माणूस माझ्याबद्दल बोलतोय."

कुणी कापलंय हे त्याला ठाऊक नाही. तो सिनेमा आहे हेही नाही.

तीन वर्षांनी 'ताई'. शब्द कितीदा वाचला ते इथे लिहिणार नाही.

दुपारी उत्तर पाठवलं: "ऐकलं. हसले नाही. जेवायला ये."

८ फेब्रुवारी

चिरंजीव दारात. आंघोळ झालेली नसावी.

"मॅडम, अजून वेळ आहे. प्रश्न परत घाला. हात परत घाला. सगळं दृश्य आजच बाहेर सोडतो. लोकांना दिसू दे, त्या माणसाच्या हातात त्याची स्वतःची पँट आहे! बाकी काही नाही."

"चित्र पूर्ण झालेलं आहे."

"ते लोक हे वापरतायत, मॅडम. खरंखुरं वापरतायत."

"वाईट वाचकाची जबाबदारी लेखकावर नसते."

"पाया पडतो तुमच्या."

मी म्हटलं, पडू नका, फरशी नुकतीच पुसली आहे. ते तसेच गेले. चपला घालायला विसरले, परत आले, घातल्या, पुन्हा गेले.

मूळ फिती माझ्याकडे आहेत. प्रश्न परत घालणं हे घटकाभराचं काम. पण मग धाकट्यालाही तो हात दिसेल. ज्याला तो "माझ्याबद्दल बोलतोय" म्हणाला, त्याची पँट घसरताना दिसेल, आणि सगळं गाव हसेल. सगळ्यात आधी त्याला कोण हसलं होतं, हे आठवायला त्याला वेळ लागणार नाही. मग तो येणार नाही.

कलात्मक कारण वगैरे काही नाही. इथे तरी नको.

९ फेब्रुवारी

त्याचं उत्तर: "रविवारी येतो. वांगी नकोत."

वांगी नकोत! अजून!

१२ फेब्रुवारी

दोन ताटं काढली. एक परत ठेवलं नाही. घासून पुसून टेबलावरच ठेवलं आहे, रविवार उद्या असला तरी.

चिरंजीवांचे तीन फोन. उचलले नाहीत. संगणक सुरू करून मूळ दृश्य मात्र पाहिलं. खोकं, हात, सहा चेहरे, आणि तो मागचा, भोळा, विचारणारा. "पण दादा, ते म्हणजे नक्की कोण?" सुंदर विचारलंय त्याने. हे मी का कापलं?

दृश्य बंद केलं. उद्याच्यासाठी डाळ भिजत घातली.

१३ फेब्रुवारी

आला. वजन वाढलंय, कानशिलांवर पांढरे केस. राखाडी शर्ट धुऊन धुऊन मऊ झालेला, टाचणी नाही. दोनदा वाढून घेतलं. मग स्वतःहून ते भाषण म्हणून दाखवलं, बसल्या बसल्या, पाठ. दुसऱ्या प्रश्नाआधी थांबला. मी लांबवलेल्या श्वासाइतकाच.

"त्यांना हाकलल्याशिवाय आता माघार नाही," तो म्हणाला, आणि माझ्याकडे पाहिलं. मी हसते का ते.

मी विचारलं. त्या मागच्या माणसाच्या आवाजात, जमेल तितकं भोळं: "पण ते म्हणजे नक्की कोण रे?"

वाटलं, आता फुस्कारा येईल.

"यादी झालीये, ताई," तो म्हणाला. "तुझं नाव मी काढायला लावलं. काळजी करू नकोस." आणि मीठ मागितलं.