विमानातला कंप्रेसर

प्रिय मेघा,

तुमच्या सिनेमातल्या लढाऊ विमानाला खरं काय काय लागलं, ते मी मांडून पाहिलं. प्लायवूडचं अर्धं विमान, खालून डोलवणारे जॅक, भोवती ढग दाखवणारे मोठे पडदे, हिरोच्या घामाला पाण्याचा फवारा. आणि आवाजाला बोरगावातल्या आपल्या गॅरेजचा म्हातारा कंप्रेसर. त्याला तर कोणी चहासुद्धा पाजला नाही!

एप्रिलात जयंतीला आलीस तेव्हा त्याच्यासमोर माइक धरून बसली होतीस. चहावाल्या डोमाजीनं आपल्या त्या बाजारभर ऐकू जाणाऱ्या आवाजात विचारलं, "काय करून राह्यली वं पोरी, मशीनची मुलाखत घेते काय?" तू त्याला समजावलंस, खरी विमानं आकाशात वेगळी टिपतात, हिरो जमिनीवरच डोलतो आणि आवाज मागाहून रचतात, जेटच्या आवाजाखाली असे धडधडणारे आवाज भरले की प्रेक्षकाची छाती हलते. डोमाजी हिरमुसलाच. त्याला वाटायचं, हिरो खरंच ढगात जातो.

रविवारी तुझी आई आणि मी वर्ध्याला तुझा सिनेमा पाहून आलो. विमान सूर मारतं तिथे आपला कंप्रेसर धापा टाकतो. चार ठोके, मग खोकला. तेव्हापासून गॅरेजात येईल त्याला सांगतो, एवढ्या कल्लोळात आपलं मशीन ओळखणारा कान जिल्ह्यात दुसरा नाही! उगाच का नुसत्या आवाजावरून ट्रॅक्टरचं दुखणं सांगत आलो? शेवटी पडद्यावर तुझं नाव आलं तेव्हा मी उभाच राहिलो. मागचे ओरडले म्हणे, "बसा ना काकाजी!"

परवा तुझ्या आईनं सांगितलं, तू फोनवर तिच्याजवळ रडलीस. "बाबा माहा फोन काऊन उचलत नाई? गॅरेज सोडून मुंबईले आली, त्याचा राग हाय काय?"

राग कसला, बेटा. फोनवर मला आता नुसती घरघर येते, शब्द लागत नाहीत. ग्राइंडरनं कान खाल्ले. डॉक्टर म्हणाले, कानाला मशीन लावा. तू एक विचारशील, मी भलतंच बोलेन आणि तुला कळेल, म्हणून उचलत नव्हतो. म्हणून हे पत्र. सुट्टी मिळाली की येजो, समोर बसून बोलजो. तोंडाकडे पाहून मला बरंच समजतं.

आणि हो, थेटरात मला फक्त खुर्ची थरथरलेली कळली. कंप्रेसर तुझ्या आईनं ओळखला. तिनं माझ्या तळहातावर चार ठोके देऊन दाखवले.

तुझाच,
बाबा