आकडा वाढतोय

४ फेब्रुवारी

वहीबाई, फार दिवसांनी आलो, रागावू नकोस. आधी सर्दी, मग चष्म्याची काडी तुटली, मग नुसता कंटाळा. कारणे काय, हवी तेवढी.

लेकीचे अजून काही ठरत नाही. विद्यापीठात मानसशास्त्राचे संशोधन करते, पण दर वर्षी नवा करार. आता कायमच्या जागेसाठी मुलाखत आहे, महिनाअखेरीस. जावई म्हणतो, तिथे माणसाच्या आधी आकडा बघतात. तिच्या लेखाचा कोणी आपल्या लेखात दाखला दिला की आकडा एकाने वाढतो. खालच्या मोबाइलवाल्याने ते पान माझ्या फोनवर आणून दिले आहे. मला इंग्रजी येत नाही, पण आकडे येतात.

५ फेब्रुवारी

वाढला! लगेच तिला फोन केला. "हं" म्हणाली.

९ फेब्रुवारी

पुन्हा वाढला. फोन केला. घाईत होती.

तिचे नाव झाले ते एकाच लेखाने. म्हाताऱ्यांनी निजण्यापूर्वी मनातली काळजी घरच्या कोणाला बोलून दाखवली, तर झोप चांगली लागते. तेव्हापासून मीही रोज हिला बोलून दाखवतो — गॅस, गुडघा, लेकीचा करार. काल ही म्हणाली, "तुमच्या काळज्या ऐकून माझी झोप उडते, त्यावर लेख कोण लिहिणार?"

न्हावी मला बघितले की विचारतो, "काका, आज भाव काय?" सगळे दुकान हसते. हसू देत. मी सांगतो.

१४ फेब्रुवारी

जावयाचा फोन. म्हणाला, बाबा, तिला रोज आकडा सांगत जाऊ नका. का, तर म्हणे नंतर बोलू. मनात नाही नाही ते आले — बायको पुढे गेलेली याला खुपत असेल काय? हिला बोललो तर माझ्यावरच डाफरली. तो बिचारा तिच्या कामापायी घर सांभाळतो, उगाच काहीतरी काढू नका!

काढत नाही. पण डोक्यातून जात नाही.

२० फेब्रुवारी

आज नको ते कळले.

मोबाइलवाल्याची बहीण कॉलेजात शिकवते. ती दुकानात होती. मी कौतुकाने फोन पुढे केला. ती बराच वेळ वाचत राहिली, मग मला स्टुलावर बसायला सांगितले. नवे दाखले जवळजवळ सगळे एकच सांगतात — आम्ही हेच पुन्हा करून पाहिले, आम्हाला असे काही आढळले नाही. मी म्हटले, मग आकडा का वाढतो? ती म्हणाली, नाव घेतले की वाढतो, कौतुकाला घ्या नाहीतर चूक काढायला.

म्हणजे आज आणखी एकाने तुला खोटे पाडले, शाब्बास — हे मी पोटच्या पोरीला सांगत होतो. आणि ती "हं" म्हणत होती.

आज निजण्यापूर्वी हिला काही बोललो नाही.

२२ फेब्रुवारी

तिचाच फोन आला. चूक सापडली म्हणाली. जी म्हातारी माणसे तिची पाहणी मध्येच सोडून गेली त्यांना हिशेबात धरलेच नव्हते, आणि झोप न लागणारे बहुतेक त्यांच्यातच होते. लबाडी कोणाची नाही, तिच्याच नजरेतून सुटले. आता मासिकाला कळवून लेख मागे घ्यावा लागेल.

मी विचारले, मुलाखत घेणाऱ्यांना हे ठाऊक आहे? नाही म्हणाली. ते आकडा बघतात, बाबा, आत काय लिहिलंय ते कोण वाचतंय.

मी म्हणालो, "मग मुलाखत होईपर्यंत गप्प बस. इतकी वर्षं ताटकळलीस, आठ दिवसांनी काय बिघडतंय? जागा हातात पडू दे."

ती मग म्हणाली, "बरं बाबा. गोळी घेतलीत का?"

माझे काही चुकले का? दर वर्षी करार संपत आला की तिचा चेहरा कसा होतो, तो मी बघितला आहे.

२५ फेब्रुवारी

फोन नाही. मीही केला नाही. दाढी वाढली आहे, पण न्हाव्याकडे जाववत नाही.

२८ फेब्रुवारी

मुलाखत आज. सकाळपासून फोन हातात धरून फेऱ्या मारतोय. ही म्हणाली, फरशी झिजेल.

फोन आला नाही.

१ मार्च

न राहवून जावयाला विचारले. ती मुलाखतीला गेलीच नाही. बावीस तारखेलाच, माझ्याशी बोलणे झाल्याबरोबर, तिने मासिकाला पत्र पाठवले आणि जागेसाठीचा अर्जही काढून घेतला.

गप्प बस म्हणालो, ते तिने ऐकले — पण गप्प बसली ती फक्त माझ्यापाशी.

बाळा, मी रागावलेलो नाही ग. लवकर फोन कर.