पूजेचा मुकटा शोधू नका

अहो,

पूजेचा मुकटा शोधू नका. ‘मोटारसायकलचा ठिणगी पाडणारा मॅग्नेटो जळलाय, नवा विलायतेहून आला की मीच तुला तरसालीच्या शाळेत सोडीन, तोवर नोकरीचं नाव काढू नकोस,’ म्हणालात. बोटीची वाट बघण्यात पावसाळा सरला. आज रुजू झाले नाही तर जागा जाते. विजेचे पंखे दुरुस्त करणारे कासमभाई मॅग्नेटोतली जळलेली तार नव्याने गुंडाळून द्यायला तयार झाले, पण तारेच्या थरांमध्ये घालायला त्यांना अस्सल रेशीम हवं होतं. घरात ते तुमच्या मुकट्याचंच होतं. फाडून दिलं.

गाडी सुरू झाली. मीच नेते आहे. अकोट्याच्या माळावर तुम्हीच हौसेनं शिकवलीत.

आजची पूजा धोतरावर करा. देव रागावलाच तर मी तरसालीला आहे म्हणून सांगा.

मंदाकिनी