मुक्या गाडीवरची सूट

प्रिय जयदेव,

आणि सरकारची ती गाडीवरची सूट तरी कुणाला, तर ज्याच्या दारात आधीच दोन गाड्या उभ्या आहेत त्याला! हेच मी त्या दिवशी बोलले, आजही बोलते, आणि तू फोन उचलला असतास तर फोनवर पण हेच बोलले असते. पण तू उचलत नाहीस. वहिनी उचलते आणि सांगते, ते बाहेर गेलेत. मागून तुझा खोकला ऐकू येतो मला. तुझ्या भाचीचं, माझ्या जिज्ञासाचं लग्न तोंडावर आलंय, पत्रिका द्यायला आम्ही दोघं जांभूळला आलो तर तू मागच्या दाराने निघून गेलास, आणि आता मामा रुसलाय म्हणून सगळ्या सोयऱ्यांत चर्चा. म्हणून हे पत्र. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, नीट लावून वाच. अल्पेशला वाचायला लावू नकोस. पोराला बापाची उणीदुणी कळायचं कारण नाही.

काय झालं ते एकदा सरळ लिहिते, कारण तू गावात भलतंच सांगत फिरतोस असं कानावर आलंय. नवी इलेक्ट्रिक गाडी आणलीस, मला बोलावलंस. आपल्यात बहिणीने ओवाळल्याशिवाय होडी काय नि टेम्पो काय, जागचा हलत नाही. म्हणून मी हातातलं जीन्सचे धागे कापायचं काम टाकून कॅम्प पाचमधल्या आमच्या घरून आले. चाकाखाली लिंबू ठेवलं, ताट घेऊन पुढे उभी राहिले. आता आत बसून तू बटण दाबलंस हे मला कसं कळावं? आजवर मी गाड्या ओवाळल्या त्या आवाजावर. ह्यांची रिक्षा धडधडायला लागली की मी बाजूला होते. तुझी गाडी मुकी. मांजरासारखी आली, लिंबू चिरडलं, माझ्या गुडघ्याला लागली, ताट उडालं आणि सगळं कुंकू तुझ्या पांढऱ्या बॉनेटवर. लोक हसले. तुझा पार्टनर तो कमळाकर तर पोट धरून हसला. हसू देत. पण तू उतरलास आणि आधी काय केलंस? रुमाल काढून बॉनेट पुसलंस. ओरखडा आलाय का बघितलंस. ताई, लागलं का, एवढं विचारायला तुला काही टॅक्स पडत होता का रे?

मग बोलले मी. आणि कमळाकर तेव्हाच सगळ्यांना कौतुकाने सांगत होता की बघा, सरकारने रोड टॅक्स माफ केला, वरून सूट दिली, हुशार माणूस आपला जयदेव. मी म्हटलं, सरकारने भीक घातली, पण गाडीला भोंगा घालायला विसरलं. 'भीक' शब्द तुला झोंबला. बरं, सूट म्हणते. तुझ्या मनासारखं. गोष्ट तीच आहे.

तू मला तिथेच शाळेतल्या मास्तरासारखं समजावलंस, की ताई, आधी पैसेवाल्यांनी घेतल्या तरच पुढे स्वस्त होतील, मग गरिबाला मिळतील. अरे, पंगतीत मी आयुष्यभर वाढलंय. पहिली पंगत श्रीखंड ओरपून उठते आणि दुसऱ्या पंगतीला वरणात पाणी घालतात, हे मला शिकवू नकोस. दुसरं तुझं म्हणणं, हवा सगळ्यांची एकच. ते मानते मी. रात्री अंबरनाथच्या कारखान्यांच्या बाजूने वास सुटला की गरीब-श्रीमंत बघत नाही, सगळ्यांचे डोळे चुरचुरतात. पण मग दिवसभर रस्त्यावर धूर कोण सोडतो? रिक्षा, टेम्पो, बस. त्यांना आधी द्या. तुझी नवी गाडी आठवड्यातून दोनदा निघते, एकदा हळदीला आणि एकदा मिरवायला. लांब जायचं झालं की चार्जिंग संपेल म्हणून तू डिझेलचीच काढतोस, ते वहिनीनेच सांगितलं मला. डिझेलची विकलीस का? नाही. मग सरकारने हवा कुठली साफ केली? तुझं अंगण भरलं फक्त.

ह्यांचं ऐक आता. तुझे भावोजी अंबरनाथ पश्चिमेला स्टेशनबाहेर उभे असतात, तिथेच त्यांचे केस पांढरे झाले. त्यांनापण इलेक्ट्रिक रिक्षा घ्यायची होती. कंबर धरते म्हणतात, हादरे कमी बसतील. शोरूमला गेलो तर तो टाय लावलेला पोरगा म्हणाला, आंटी, रिक्षावाली सूट इस साल का खतम हो गया. वर विचारतो, चार्जिंग कुठे करणार? मी म्हटलं, घरी. तर म्हणे पार्किंग आहे का स्वतःची? आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. खालच्या गाळ्यात धर्मेशचं जीन्सचं दुकान, त्याच्या बाहेर स्कूटर लावायची तरी बोंब. धर्मेश सिंधी माणूस, स्वभावाने चांगला, पण तोसुद्धा हात जोडून म्हणाला, भाभी, वायर मेरे बोर्ड से मत खींचना. म्हणजे बघ, ज्याला अंगण आहे त्याला चार्जिंग, ज्याला चार्जिंग त्याला गाडी, आणि ज्याला गाडी परवडते त्यालाच सूट. हे गणित चौथीतल्या पोराने मांडलं असतं तर बाईंनी कान पिळला असता.

एका गोष्टीत मात्र खोटं बोलणार नाही. आईला तुझी गाडी मानवली. लहानपणापासून बघतोय आपण, तिला गाडी लागते. बदलापूरला डॉक्टरकडे नेताना पिशवी हातात धरून बसायची. परवा तिने स्वतः मला फोनवर सांगितलं, तुळशी बाय, वास नाय न् काय नाय, मी खिडकीतून बाहेर बघत गेली. म्हातारीने आख्खा रस्ता पहिल्यांदा बघितला. ऐकून मला रडू आलं, आणि मग राग आला. तशी बस जांभूळ ते बदलापूर लावा ना! सगळ्यांच्या आयांना बसू दे. एका जयदेवच्या आईला सूट देऊन काय होणार?

तर माझं म्हणणं हे असं आहे, आणि त्यातला एक शब्द मी मागे घेणार नाही. सरकार चुकलंय. तू सूट घेतलीस, कायद्यात बसते म्हणून घेतलीस, चोरी नाही केलीस. पण तू जे म्हणालास ना सगळ्यांसमोर, ताई, तू जळतेस, ते मला त्या गाडीपेक्षा जोरात लागलं. जळायचं असतं तर आपली घरची जमीन तू विकलीस तेव्हा जळले असते. हक्कसोडीवर सही करायला मी नव्या साडीत आले होते, आठवतं? आमच्या चाळीतल्या बायका वेड्यात काढत होत्या, हिस्सा माग म्हणून. मी म्हटलं, मला भाऊ पाहिजे, हिस्सा नको. बहिणी सही देतात ती माहेर उघडं राहावं म्हणून, मागच्या दाराने भाऊ पळून जाताना बघायला नाही.

आता हे लिहायला का बसले ते सांगते. काल हळदीची बोलणी करायला धवलारीण येऊन गेली. लग्नाची गाणी, धवले गाताना ती घरातल्या सगळ्यांची नावं घेते, तशी विचारून घेत होती. बापाचं सांगितलं, आजीचं सांगितलं. मग थांबली आणि हळूच म्हणाली, बाय, मामा रुसलाय असं ऐकलंय मी, मग त्याच्या जागी चुलत मामाचं नाव घेऊ का? मी काही बोलायच्या आत जिज्ञासा उठून आत गेली आणि दार लावून घेतलं. जयदेव, पोरीला मांडवात हाताला धरून तू आणायचंस, डिझेलच्या गाडीतून ये, इलेक्ट्रिकमधून ये, नाहीतर पायी ये. माझ्याशी बोलू नकोस हवं तर. ओवाळायला मी नाही पुढे येणार. पण धवलारणीला नाव द्यायचंय. गुरुवारी दुपारी ती परत येणार आहे. त्याच्या आधी मला सांग, काय नाव सांगू?

तुझीच,
तुळशीताई